बिडाचा मॅनिफोल्ड, पाइपांचा हेडर आणि एक जुना पिकअप

सकाळी थंड गाडी स्टार्ट केली की टिक-टिक-टिक. दहा मिनिटांत इंजिन तापतं आणि आवाज जातो. बरेच जण टॅपेटचा, म्हणजे इंजिनातल्या झडपा हलवणाऱ्या भागांचा, आवाज समजून टॅपेट सेट करून घेतात, पैसे देतात, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टिक-टिक. भांडुपच्या आमच्या मित्राच्या पिकअपचं असंच चाललं होतं. शेवटी कुर्ल्याच्या एका मिस्त्रीने एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करून सायलेन्सरकडे नेणाऱ्या बिडाच्या नळीवर, टॉर्च मारून बोट ठेवलं. तिसऱ्या सिलिंडरच्या तोंडाशी केसाएवढी चीर, आणि तिच्याभोवती काजळीचा काळा पंखा. बीड तापलं की फुगतं, चीर मिटते, म्हणून आवाज बंद.

गाडी म्हणजे महिंद्राचा जुना फॉरवर्ड कंट्रोल पिकअप. बसकं नाक, फोर बाय फोर, हरिकेन पेट्रोल इंजिन, आणि तेही कॅबिनमध्येच, ड्रायव्हर आणि शेजाऱ्याच्या मधोमध झाकणाखाली. मित्राने अमेरिकन व्हिडिओ भरपूर पाहिलेले. म्हणाला, "आता बिडाचा नकोच. हेडर टाकू." मिस्त्री म्हणाला, "टाकू की शेठ. पण गाडी पळवायचीय का चढवायचीय?"

हेडर म्हणजे बाइकवाले ज्याला बेंड पाइप म्हणतात त्याचीच चार भावंडं: प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र पाइप, आणि सगळे पुढे जाऊन एकत्र मिळतात. बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये चारही तोंडं एकाच आखूड नळीत उघडतात. कंपन्यांनी हे अडाणीपणाने केलं नव्हतं. बीड स्वस्तात ओतता येतं, जाड असल्यामुळे आवाज दाबतं, आणि पातळ पाइपापेक्षा गंज कितीतरी जास्त सोसतं. शिवाय थंड देशांत त्याची ऊब हवीच असते. हरिकेनच्या आधीच्या गो-डेव्हिल इंजिनात इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारी नळी) एक्झॉस्टवरच बसवलेला असे, कार्ब्युरेटरमधून आलेलं पेट्रोल थंडीत नीट वाफावं म्हणून. मुंबईत त्या उबेचं काय करायचं हा प्रश्नच आहे.

बिडाची अडचण मात्र खरी आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात दर अर्ध्या फेरीला एक स्फोट होतो, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे धूर बाहेर सोडणारी झडप, अर्ध्या फेरीपेक्षा जास्त वेळ उघडा राहतो. म्हणजे एक सिलिंडर अजून रिकामा होतोय तोवर पुढच्याचा झोत त्याच नळीत येऊन आदळतो. दादरला दोन लोकल एकदम रिकाम्या झाल्या की जिन्यावर जे होतं, तेच. स्वतंत्र पाइप दिले की गर्दी सुटते. त्याहून गमतीची गोष्ट पुढे आहे. दाबाची लाट पाइपातून धावत जाऊन रुंद जागी पोचली की उलटी फिरते, आणि परतताना उणा दाब घेऊन येते. ती नेमक्या क्षणी व्हॉल्व्हपाशी पोचली तर उरलेला धूर ओढून काढते आणि नव्या मिश्रणालाही आत खेचते. तो नेमका क्षण पाइपाची लांबी ठरवते. इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या बघितल्या तर लांब पाइप कमी फेऱ्यांवर साथ देतो, आखूड पाइप जास्त फेऱ्यांवर.

ही विद्या वाढली शर्यतीत. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड आणि शेवरोले गाड्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळावर पळवायचं वेड होतं. त्यातूनच हेडर विकणाऱ्या कंपन्या उभ्या राहिल्या. हेडमन ही त्यांतली एक, 1954 पासूनची. तिथे फक्त वरच्या फेऱ्यांची ताकद मोजली जायची, म्हणून जाड पाइप आणि चारही थेट एका ठिकाणी, म्हणजे फोर-टू-वन. दुसरा घाट ट्राय-वाय: चाराचे दोन, दोनाचा एक. 1965 च्या शेल्बी जीटी 350 मस्टँगवर असे हेडर कंपनीतूनच येत. एक-तीन-चार-दोन अशा क्रमाने पेटणाऱ्या इंजिनात एक-चार आणि दोन-तीन अशा जोड्या लावतात, म्हणजे जोडीतल्या दोघांमध्ये पूर्ण एक फेरीचं अंतर पडतं आणि जिन्यावर कुणी कुणाला आडवं येत नाही. वरच्या टोकाची ताकद थोडी कमी मिळते, मधली बरीच सुधारते.

आता मिस्त्रीचा प्रश्न पुन्हा बघा. हरिकेन इंजिन 2199 सीसीचं. 75 हॉर्सपॉवर 4000 फेऱ्यांवर, पण खरा जोर 2000 च्या आसपास. लो गिअरमध्ये चिखलातून चढणारी गाडी त्याच्याही खाली चालते. शर्यतीसाठी बेतलेला जाड पाइप तिथे लावला तर धुराचा वेग पडतो आणि होता तो जोरही जातो. (आपल्याकडे ‘पिकअप’ हा एकच शब्द गाडीलाही आणि गाडीच्या उचलीलाही वापरतात. हेडर चुकला की पहिली राहते, दुसरी जाते.) शिवाय हरिकेनचे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) नसून ब्लॉकच्या (खालच्या मुख्य ठोकळ्याच्या) कुशीत आहेत. धूर आधी तिथल्या वाकड्या वाटेने निघतो. बाहेरचा पाइप कितीही गुळगुळीत केला तरी आतली वाट तीच. माझं मत विचाराल तर अशा इंजिनाला हेडर हवाच असेल तर दीड इंचाच्या आतले, लांब, ट्राय-वाय घाटाचे पाइप. दुसरं काही नको.

मुंबईच्या रस्त्यावर मात्र असं पेट्रोल इंजिन शोधावं लागतं. महिंद्राची कंपनी 1945 ची. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस माझगावात विलीज जीपची जुळणी सुरू झाली, आणि पुढे बरीच वर्षं जीप म्हणजे पेट्रोलच. मग सत्तरच्या दशकात तेल भडकलं. 1979 मध्ये महिंद्राने प्यूजोकडून 2112 सीसीच्या एक्सडीपी डिझेल इंजिनाचा परवाना घेतला, ते इगतपुरीला बनू लागलं आणि जुन्या पिढीचा बाज बदलला. आज कुणी "माझ्या जुन्या पिकअपला हेडर" म्हणतो तेव्हा गाडी बहुतेक डिझेल असते. साध्या डिझेलमध्ये ताकद ठरते पंपातून किती डिझेल सुटतं त्यावर, हेडरने फारसा फरक पडत नाही. टर्बो (धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) असेल तर गोष्ट उलटीच: टर्बोला गरम धूर हवा, आणि उघडे पातळ पाइप ती उष्णता वाटेतच सांडतात. तिथे धडधाकट बिडाचा मॅनिफोल्डच बरा.

कायद्याचाही इतिहास आहे. कॅलिफोर्नियाने 1967 मध्ये एअर रिसोर्सेस बोर्ड नेमलं, आणि तिथे धुराच्या वाटेतला असा सुटा भाग त्या बोर्डाच्या मंजुरी क्रमांकाशिवाय रस्त्यावरच्या गाडीला चालत नाही. तो क्रमांक आपल्या आरटीओत कामाचा नाही. आपल्याकडे मोटार वाहन कायदा, 1988 चं कलम 52 आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं की निर्मात्याच्या मूळ तपशिलाला छेद देणारे बदल चालणार नाहीत. 1989 च्या नियमांत बारकावे आहेत: धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, एक्झॉस्ट पाइप पेट्रोलच्या नळीपासून 35 मिलिमीटरच्या आत न्यायचा नाही. कॅबिनमध्येच इंजिन असलेल्या गाडीत हा दुसरा नियम कागदापुरता राहत नाही. पाइप वळवायला जागाच नसते, आणि शेजारी बसणाऱ्याची पोटरी तर अगदी जवळ. मित्राला आणखी एक पेच होता. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी आली. तिला गाडी मूळ रूपात लागते, इंजिनात फेरफार नको. त्याला ती पाटी हवी होती.

तरीही त्याने सामानाची चौकशी केली. खेतवाडी आणि सी. पी. टँककडे स्टेनलेसचे पाइप, बेंड, फ्लँज (पाइप इंजिनाला बोल्टने बसवायची पट्टी) सगळं मिळतं. साधं लोखंड स्वस्त, पण खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस त्याला लवकर खातो. वरून उष्णतेची पट्टी गुंडाळली तर ती पाणी धरून ठेवते आणि पाइप आतल्या आत कुजतो. 304 जातीचं स्टेनलेस टिकतं, पण तापल्यावर लोखंडापेक्षा जास्त फुगतं, म्हणून फ्लँज जाड, निदान दहा मिलिमीटरची हवी. नाहीतर ती वाकते, पॅकिंग उडतं आणि टिक-टिक परत.

शेवटी मूळ मॅनिफोल्डच वाचवायचं ठरलं. मिस्त्रीने चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोकं पाडली, म्हणजे ती पुढे धावणार नाही. मग मॅनिफोल्ड सावकाश तापवून निकेलच्या कांडीने वेल्डिंग, आणि वेल्डिंग झाल्यावर तो राखेत पुरून रात्रभर निवू दिला. आता तोंडं सपाट करायला लेथवाल्याकडे गेलाय. मॅनिफोल्ड काढताना तुटलेला मागचा स्टड (त्याला धरून ठेवणारा बोल्ट) अजून ब्लॉकमध्येच आहे.