सांध्यांच्या व पाठीच्या दुखापतींतील धोक्याची लक्षणे

मुका मार, लचक, उसण अशा बहुतेक दुखापती काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप बऱ्या होतात. त्यांच्या गर्दीत मोडलेले हाड, निखळलेला सांधा, तुटलेला अस्थिबंध (हाडांना एकमेकांशी बांधणारा पट्टा) किंवा दबलेली नस (मज्जातंतू) लपून राहू शकते. ती ओळखायला वेदनेची तीव्रता हा फसवा निकष आहे. उसण भरलेल्याला कूसही बदलवत नाही, पण धोका बहुधा नसतो. उलट पूर्ण तुटलेला अस्थिबंध कधीकधी थोड्या वेळाने फारसा दुखतही नाही.

घोट्यासाठी कॅनडातील ओटावा येथे १९९२ मध्ये मांडलेले नियम वापरतात. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांपैकी एखाद्याच्या टोकावर, किंवा मागच्या कडेवर खालच्या ६ सेंमी. भागात, दाबल्यावर दुखले, अथवा चार पावले टाकता आली नाहीत, तर एक्स-रे काढावा. लंगडत टाकलेली पावलेही चालतात. पावलाच्या बाहेरच्या कडेचा मधला उंचवटाही दाबून पाहावा; घोटा मुरगळताना तेथील हाड मोडू शकते आणि सगळ्यांचे लक्ष मात्र घोट्याकडे राहते. मधुमेहामुळे पाय बधिर असतील, तर या चाचणीवर विसंबू नये.

गुडघा दोन तासांच्या आत टम्म फुगला, तर सांध्यात रक्त साचल्याचा संशय घ्यावा. अशा वेळी गुडघ्याच्या आतला पुढचा क्रुसिएट अस्थिबंध तुटलेला असण्याची शक्यता मोठी. दुसऱ्या दिवशी आलेली सूज गुडघ्यातील कूर्चेची गादी (मेनिस्कस) फाटल्याने येऊ शकते. गुडघा अर्ध्यात अडकून सरळच होत नसेल, तर जोर लावू नये.

हात टेकून पडल्यावर अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळगीत दुखत असेल, तर स्कॅफॉइड हे मनगटातले छोटे हाड मोडलेले असू शकते. पहिल्या एक्स-रेत ही मोड अनेकदा दिसत नाही, म्हणून मनगट बांधून १० ते १४ दिवसांनी पुन्हा तपासतात. या हाडाचा रक्तपुरवठा तोकडा असल्याने दुर्लक्ष झाल्यास त्याचा तुकडा मृत होऊ शकतो.

निखळलेला सांधा हिसका देऊन बसवू नये. त्याने नस किंवा रक्तवाहिनी चिमटू शकते. आहे त्या स्थितीत आधार द्यावा. त्या हाताची वा पायाची बोटे गार, फिकी वा बधिर पडली, तर क्षणाचाही उशीर नको. सांधा लाल, गरम झाला असून ताप असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. त्यात कूर्चा (हाडांच्या टोकांवरचे गुळगुळीत आवरण) झपाट्याने नष्ट होते.

पाठीचे प्रश्न अवघड जागेचे असतात, म्हणून सांगायचे राहतात : लघवी तुंबली का? शौचावरचा ताबा सुटला का? जांघेत, गुदद्वाराभोवती बधिरपणा आहे का? मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नसांचा झुबका असतो आणि मणक्यांमधली सरकलेली चकती तो दाबू शकते. यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, रुग्णालय गाठावे. पाऊल वर उचलता न येणे हेही तातडीचेच. हाडे ठिसूळ झालेल्या किंवा दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्या व्यक्तीचा मणका नुसत्या घसरण्यानेही चेपतो. उंचावरून पडलेल्या किंवा वाहन अपघातातील जखमीची मान-पाठ दुखत असेल, तर त्याला उठवून बसवू नये; डोके हातांनी स्थिर धरून रुग्णवाहिकेची वाट पाहावी.