निळ्या डागापासून अँटिबॉडीपर्यंत: शौच तपासणीची पार्श्वभूमी

मोठ्या आतड्यातला पॉलिप (आतल्या अस्तरावर वाढलेली गाठ) कॅन्सरमध्ये बदलायला बहुधा दहाएक वर्षे घेतो. त्या काळात पोट दुखत नाही, वजन घटत नाही. मधूनमधून थोडे रक्त झिरपते आणि शौचात मिसळून जाते, इतकेच. ते डोळ्यांना दिसत नाही, म्हणून ते शोधायची तपासणी.

रक्त ओळखायची युक्ती मात्र फार जुनी आहे. कॅरिबियन बेटांवरच्या ग्वायकम झाडाची राळ सोळाव्या शतकात युरोपात उपदंशावरचे औषध म्हणून पोचली होती. १८६४ मध्ये इझाक व्हान डीन या डच वैद्यकाने रक्त ओळखण्यासाठी तिचा उपयोग दाखवला. रक्तातल्या हीममुळे (हिमोग्लोबिनमधल्या लोहयुक्त भागामुळे) हायड्रोजन पेरॉक्साइडमधला ऑक्सिजन राळेला मिळतो आणि ती निळी पडते. १९०१ मध्ये बर्लिनचे पचनविकारतज्ज्ञ इस्मार बोआस यांनी शौचातले हे लपलेले रक्त पोटातल्या कॅन्सरची खूण असू शकते, असे मांडले. बोआस ज्यू होते. १९३८ मध्ये नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर त्यांनी व्हिएन्नात आयुष्य संपवले. त्यांच्या निरीक्षणावर पुढे किती जीव वाचले, हे त्यांना कधीच कळले नाही.

पुढची साठेक वर्षे ही तपासणी मुख्यतः आधीच आजारी पडलेल्यांसाठी राहिली. मग १९६० च्या दशकात अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबस शहरात, डॉ. डेव्हिड ग्रीगर यांनी ग्वायक (ग्वायकमची तीच राळ) लावलेली पुठ्ठ्याची छोटी कार्डे पेशंटच्या हाती देऊन त्यांना घरी पाठवले. पथ्य पाळायचे, तीन वेळच्या शौचाचा नमुना काडीने कार्डावर लावायचा आणि कार्डे परत द्यायची. या साऱ्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी मला इथे दिसते. रसायन शंभर वर्षांपूर्वीचेच होते. पण ज्याला काहीच होत नाही असा माणूस आता स्वतःच्या न्हाणीघरात कॅन्सरची चाचपणी करू शकत होता. शौचाला हात लावायची किळस आणि संकोच ओलांडायला त्याला तयार करणे हे रसायनापेक्षा अवघड काम होते, आणि आजही आहे.

याने खरोखर मृत्यू टळतात का? उत्तर १९९३ मध्ये मिनेसोटातून आले. ५० ते ८० वयाच्या ४६,५५१ लोकांवरच्या त्या अभ्यासात, दरवर्षी तपासणी झालेल्या गटात आतड्याच्या कॅन्सरचे मृत्यू १३ वर्षांत ३३ टक्क्यांनी कमी झाले: दर हजारी ८.८३ वरून ५.८८ वर. त्यात एक मेख होती. बहुतेक कार्डे तपासण्यापूर्वी पाण्याने ओली केली जात, त्यामुळे पॉझिटिव्ह निकाल २.४ वरून ९.८ टक्क्यांवर गेले आणि पुष्कळांची कोलोनोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) विनाकारण झाली. १९९६ मध्ये इंग्लंडमधले नॉटिंगहॅम आणि डेन्मार्कमधले फ्युनेन इथले निकाल आले. तिथे कार्डे ओली न करता, दोन वर्षांतून एकदा तपासणी होती. घट अनुक्रमे १५ आणि १८ टक्के. आकडे लहान झाले, पण दिशा पक्की झाली.

ग्वायकला रक्त कोणाचे ते कळत नाही. आदल्या दिवशीच्या मटणानेही ती निळी पडू शकते, उलट क जीवनसत्त्वाच्या गोळ्यांनी खरे रक्त झाकले जाते. म्हणून एफआयटी (फीकल इम्युनोकेमिकल टेस्ट) ही अँटिबॉडीवर चालणारी शौच तपासणी आली. तिच्यातली अँटिबॉडी फक्त माणसाच्या हिमोग्लोबिनमधले ग्लोबिन हे प्रथिन पकडते. जठरातून आलेले ग्लोबिन वाटेतच पचून जाते, त्यामुळे सापडलेले रक्त बहुधा मोठ्या आतड्यातलेच असते. पथ्य नको, बहुतेक ठिकाणी एकच नमुना पुरतो. जपानने १९९२ मध्ये देशभर हीच पद्धत घेतली. स्कॉटलंड २०१७ मध्ये आणि इंग्लंड २०१९ मध्ये ग्वायक सोडून तिच्याकडे वळले. एफआयटीत रक्त मोजता येते, म्हणून किती सापडल्यावर कोलोनोस्कोपीला बोलवायचे हे ठरवता येते. सुरुवातीला स्कॉटलंडने शौचाच्या दर ग्रॅममागे ८० मायक्रोग्रॅम ही रेषा आखली, इंग्लंडने १२०. इंग्लंडच्या आकड्यामागे कोलोनोस्कोपीच्या अपुऱ्या सोयीचा हिशेब होता.

२०१४ मध्ये अमेरिकेने रक्तासोबत गाठीतून गळलेल्या पेशींचा डीएनए तपासणाऱ्या कोलोगार्डला मान्यता दिली. सुमारे दहा हजार लोकांच्या अभ्यासात तिने ९२.३ टक्के कॅन्सर पकडले, एफआयटीने ७३.८. पण धोका नसतानाही बोट दाखवण्याचे प्रमाण तिच्यात १३ टक्क्यांच्या वर होते, एफआयटीत पाचच्या आसपास. आणि कॅन्सरकडे झुकलेले मोठे पॉलिप दोघींच्याही हातून निम्म्याहून अधिक निसटले. गाठ रोज रक्त गाळत नाही, म्हणून एफआयटीचा एखादा निगेटिव्ह निकाल म्हणजे कायमची सुटका नव्हे. ती ठरावीक काळाने पुन्हा करावीच लागते.

भारताच्या सरकारी कॅन्सर तपासणीत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. आतड्याच्या कॅन्सरचे प्रमाण आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा बरेच कमी आहे. आपल्याकडची अडचण वेगळीच आहे: शौचात डोळ्यांना रक्त दिसले तरी 'मूळव्याध असेल' म्हणून महिनोन्‌महिने घरगुती उपाय चालतात. या साऱ्या शौच तपासण्या तक्रार नसलेल्यांसाठी आहेत. रक्त दिसत असेल तर त्यांची वाट न पाहता थेट डॉक्टरांकडे जावे, आणि त्यांनी सांगितल्यास दुर्बिणीने आतडे तपासून घ्यावे.