मूलद्रव्ये : वैश्विक विपुलता आणि उत्पत्ती

विश्वातील मूलद्रव्ये परस्परांच्या तुलनेत किती प्रमाणात आढळतात, त्यास त्यांची वैश्विक विपुलता म्हणतात. सामान्य द्रव्याच्या वस्तुमानात हायड्रोजन सुमारे ७४ टक्के व हीलियम सुमारे २४ टक्के असून बाकीची सर्व मूलद्रव्ये मिळून जेमतेम २ टक्के भरतात.

पायाखालच्या जमिनीवरून या प्रमाणाचा अंदाज येत नाही. इंदूर हे माळव्याच्या पठारावर, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसापासून बनलेल्या बेसाल्टवर वसले आहे. हा खडक आणि त्याची झीज होऊन झालेली काळी माती यांत ऑक्सिजन, सिलिकॉन, ॲल्युमिनियम व लोह यांचाच भरणा आहे, कारण हलके वायू पृथ्वीसारख्या लहान ग्रहाला धरून ठेवता आले नाहीत. इंदुरातील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ या २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या सिंक्रोट्रॉनमधील (इलेक्ट्रॉन वर्तुळाकार मार्गात वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातील) क्ष-किरण नमुन्यावर सोडून त्यातील मूलद्रव्ये ओळखता येतात. ताऱ्याचा नमुना मात्र हाती येत नसल्याने तेथे सारी भिस्त वर्णपटावर, म्हणजे ताऱ्याच्या प्रकाशाच्या रंगवार पट्ट्यावर असते. त्यातील रेषांवरून मूलद्रव्ये ओळखतात.

वर्णपटानेही प्रारंभी चकवलेच. सूर्याच्या वर्णपटात लोहाच्या रेषा भरपूर असल्याने सूर्याची घडण पृथ्वीसारखीच असावी, असा समज होता. मेघनाद साहा यांच्या आयनीभवनाच्या (तापमानानुसार अणूंतून इलेक्ट्रॉन निघून जाण्याच्या) समीकरणाच्या आधारे खगोलशास्त्रज्ञ सिसिलिया पेन यांनी १९२५ मध्ये ताऱ्यांत हायड्रोजनच प्रचंड प्रमाणात असल्याचे दाखवले. मात्र ज्येष्ठांच्या आक्षेपामुळे स्वतःच्याच प्रबंधात त्यांना या निष्कर्षावर शंका नोंदवावी लागली. पुढे तोच खरा ठरला.

हायड्रोजन व बहुतेक हीलियम महाविस्फोटानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतले आहे. ५ किंवा ८ वस्तुमानांकाचे (प्रोटॉन व न्यूट्रॉन यांच्या एकूण संख्येचे) एकही स्थिर अणुकेंद्र नसल्याने बांधणी तेथेच अडली. ही अडचण ताऱ्यांच्या दाट, तप्त गर्भात सुटते : दोन हीलियम केंद्रांपासून बनलेले क्षणभंगुर बेरिलियम फुटण्यापूर्वीच तिसरे हीलियम केंद्र त्यास येऊन मिळते आणि कार्बन तयार होतो. त्यासाठी कार्बनच्या केंद्रात सुमारे ७.६५ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्टची ऊर्जापातळी असलीच पाहिजे, हे खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचे भाकीत प्रयोगाने खरे ठरले. लिथियम, बेरिलियम व बोरॉन ताऱ्यांत टिकत नाहीत. त्यांपैकी बेरिलियम व बोरॉन मुख्यतः विश्वकिरणांच्या (अवकाशातील अतिवेगवान कणांच्या) आघाताने जड अणुकेंद्रे फुटून निर्माण होतात.

मोठ्या ताऱ्यांत अणुकेंद्रे जुळून अधिक जड केंद्रे बनण्याची ही क्रिया (संमीलन) लोहाच्या आसपास थांबते, कारण त्यापुढे ऊर्जा मिळत नाही. अधिक जड मूलद्रव्ये मुख्यतः न्यूट्रॉनग्रहणाने, म्हणजे अणुकेंद्राने न्यूट्रॉन सामावून घेतल्याने घडतात. ते संथपणे वृद्ध ताऱ्यांत चालते. सुमारे २ लाख वर्षे अर्धायुष्य (निम्मे अणू क्षय पावण्यास लागणारा काळ) असलेले, म्हणजे ताऱ्याच्या वयाच्या मानाने अल्पायुषी टेक्नेशियम १९५२ मध्ये अशा ताऱ्यांत आढळले, तेव्हा निर्मिती अद्याप चालू असल्याचा पुरावाच मिळाला. जलद ग्रहण न्यूट्रॉन ताऱ्यांच्या (मोठ्या ताऱ्यांच्या अतिघन अवशेषांच्या) टकरीत होते. १७ ऑगस्ट २०१७ रोजी नोंदलेल्या अशा टकरीच्या प्रकाशात पुढे स्ट्रॉन्शियम ओळखले गेले. युरेनियम व थोरियमही जलद ग्रहणातूनच येतात. पृथ्वीवर नैसर्गिक वायूबरोबर मिळणारे हीलियम बहुतांशी या दोहोंच्या क्षयातून साठलेले आहे, महाविस्फोटातले नव्हे.