पार्श्वभूमी: रोमच्या कॅटाकोम्बमधले रिकामे कप्पे

रोमच्या कॅटाकोम्बमध्ये, म्हणजे जमिनीखालच्या प्राचीन दफनभुयारांत, उतरलेल्या पर्यटकाला भिंतीत एकावर एक खोदलेले कप्पे दिसतात, पण त्यांत हाडं जवळपास नसतातच. ती गेली कुठे?

ख्रिस्ती लोक इथे लपून राहत, ही समजूत सोडून द्यावी. शहराच्या हद्दीत दफनाला बंदी होती, म्हणून आपिया, सालारिया अशा रस्त्यांलगत मऊ ज्वालामुखी खडकात दफनासाठी भुयारं खणली गेली. पाचव्या शतकात दफनं थांबली. आठव्या-नवव्या शतकांत नामांकित हुतात्म्यांचे, म्हणजे श्रद्धेसाठी मारल्या गेलेल्यांचे, पूज्य मानलेले अवशेष शहरातल्या चर्चमध्ये हलवले गेले आणि बहुतेक भुयारं विस्मरणात गेली.

३१ मे १५७८ रोजी सालारिया रस्त्यालगत खोदकाम करणाऱ्या मजुरांना एक भुयार सापडलं. मुहूर्त अचूक साधला होता. आल्प्सपलीकडे प्रोटेस्टंटांनी चर्चमधले अवशेष मोडून टाकले होते; ती जागा भरायला आता रोमकडे हाडांची खाणच होती. पण हजारो अनाम सांगाड्यांतला हुतात्मा ओळखायचा कसा? १६६८ मध्ये रोमच्या धर्मसत्तेने ठरवलं: थडग्यावर खजुराच्या झावळीची खूण आणि शेजारी रक्ताचे डाग असलेली कुपी असेल, तर तो हुतात्माच. झावळी ही मृत्यूवरच्या विजयाची सर्रास वापरातली खूण होती. कुप्यांत बहुधा सुगंधी द्रव्य असे. शंका तेव्हाही निघाल्या होत्या, पण मागणी जोरात होती. नावच माहीत नसलेल्या हाडांना नाव देऊन ती पेटीत बंद करून युरोपभर पाठवली गेली.

याचं सर्वांत गाजलेलं उदाहरण आपल्याकडच्या बऱ्याच पर्यटकांनी नकळत पाहिलेलं आहे. १८०२ मध्ये प्रिसिल्ला कॅटाकोम्बमध्ये एका किशोरवयीन मुलीची हाडं आणि एक कुपी सापडली. थडग्यावरच्या तीन भाजक्या विटांवरची अक्षरं सरळ वाचली तर अर्थ लागेना. पहिली वीट शेवटी नेली तेव्हा ‘फिलुमेना, तुला शांती लाभो’ असं जुळलं. १८३७ मध्ये तिच्या सार्वजनिक उपासनेला मान्यता मिळाली, आणि तिच्या नावाचं भव्य चर्च म्हैसूरला आहे. पुढे पुरातत्त्वज्ञांनी दाखवून दिलं की विटांचा क्रम चुकलेला आहे, कारण त्या आधीच्या थडग्यावरून काढून पुन्हा वापरलेल्या असाव्यात. म्हणजे हाडं वेगळ्याच व्यक्तीची. १९६१ मध्ये तिचा सण दिनदर्शिकेतून काढला गेला. भक्ती मात्र टिकली आहे.

शास्त्रशुद्ध उत्खनन एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात सुरू झालं. १८४९ मध्ये आपिया रस्त्यालगतच्या द्राक्षमळ्यात एका तरुण अभ्यासकाला संगमरवराचा तुटका तुकडा दिसला, आणि त्यावरून सान कॅलिस्तो या कॅटाकोम्बचा शोध लागला; पोपांची दफनखोली १८५४ मध्ये उघडली. इटली आणि व्हॅटिकन यांच्यातल्या १९२९ च्या करारानुसार भुयारांचा ताबा व्हॅटिकनकडे राहिला. चाळीसहून अधिक कॅटाकोम्बपैकी मोजकीच रोजच्या पर्यटकांसाठी खुली आहेत: गाइडसोबतच, फोटो न काढता, आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत १५-१६ अंशांच्या गारव्यात.