१५४ हे उत्तर नेमकं नाही
७ सेंमी त्रिज्येच्या वर्तुळाचं क्षेत्रफळ बरोब्बर १५४ चौसेंमी, हे शाळेपासून डोक्यात पक्कं बसलेलं असतं. पण ते बरोब्बर नाही.

पुठ्ठ्याचं वर्तुळ कापून १६ सारख्या पाकळ्या करा. टोकं आलटून-पालटून वर-खाली ठेवत त्या शेजारीशेजारी लावा. जवळजवळ आयत दिसतो: रुंदी त्रिज्येएवढी, लांबी अर्ध्या परिघाएवढी, म्हणजे पाय (π) गुणिले त्रिज्या. कड जरा लाटालाटांची असते. पाकळ्या वाढवाल तशी सरळ होत जाते. म्हणजे 'पाय गुणिले त्रिज्येचा वर्ग' हे सूत्र तंतोतंत आहे.

घोळ होतो पायच्या जागी २२/७ घातल्यावर. ही किंमत किंचित जास्त आहे, हे आर्किमिडीजने दाखवलं होतं. आर्यभटाने ३.१४१६ देतानाही ती आसन्न, म्हणजे जवळपासची, असल्याचं सांगून ठेवलं. १७६१ मध्ये गणितज्ञ लँबर्टने पाय अपरिमेय असल्याचं सिद्ध केलं. म्हणजे कुठलाच अपूर्णांक नेमका बसणार नाही.

खरं क्षेत्रफळ सुमारे १५३.९४. फरक ०.०६ चौसेंमीचा, कात्री त्याहून जास्त चुकते!