परत येणं आणि परत आणणं

प्रोग्रॅमचे छोटे छोटे फंक्शन, म्हणजे नाव देऊन हवे तेव्हा बोलावता येणारे तुकडे, करायला सांगितलं की नवशिके अडतात ते बहुधा एकाच जागी. नाव देणं जमतं, कंसात किमती पाठवणंही जमतं. पण ‘रिटर्न’ नेमकं काय करतं आणि नुसतं ‘प्रिंट’, म्हणजे पडद्यावर छापणं, का चालत नाही, इथे गाडी रुतते. यात दोष त्यांचा कमी आणि त्या शब्दाच्या इतिहासाचा जास्त आहे.

केंब्रिज विद्यापीठातल्या एडसॅक या संगणकावर पहिला प्रोग्रॅम चालला ६ मे १९४९ रोजी. वर्गमूळ काढणं, आकडे छापणं ही तीच ती कामं जो तो नव्याने लिहायचा आणि नव्याने चुकायचा. आपलं उरलेलं बरंचसं आयुष्य आपल्याच चुका शोधण्यात जाणार, हे त्या गटाचे प्रमुख मॉरिस विल्क्स यांना एका जिन्याच्या वळणावर उमगलं, असं त्यांनीच आठवणींत लिहून ठेवलंय. मग एकदा तपासलेले तुकडे भोकं पाडलेल्या कागदी फितींवर जपायचे आणि लागेल तेव्हा त्यांची नक्कल आपल्या फितीत घ्यायची, अशी सोय झाली. या तुकड्यांना सबरूटीन म्हणत. १९५१ पर्यंत असे ८७ जमले होते.

तुकड्यात शिरणं सोपं होतं, तिकडे उडी मारली की झालं. परतायचं कुठे, हा खरा पेच. एकच तुकडा तीन ठिकाणांहून बोलावला तर परतीचा पत्ता दर वेळी वेगळा, आणि यंत्राकडे त्यासाठी खास आज्ञा नव्हती. डेव्हिड व्हीलर हा तेव्हा संशोधक विद्यार्थी. त्याने शक्कल काढली: निघण्याआधी आपण कुठे आहोत ते ॲक्युम्युलेटरमध्ये (यंत्राच्या आकडेमोडीच्या कप्प्यात) ठेवायचं, आणि तुकड्याने आत शिरताच त्यावरून परतीची आज्ञा बनवून स्वतःच्याच शेवटच्या ओळीवर लिहायची. थोडक्यात, प्रोग्रॅम चालता चालता स्वतःलाच बदलायचा. ही ‘व्हीलर जंप’. तिच्यात पत्त्याला जागा एकच, त्यामुळे तुकड्याने स्वतःलाच बोलावलं की आधीचा पत्ता पुसला गेलाच. पत्ते ताटांच्या चळतीसारखे एकावर एक ठेवायची कल्पना ॲलन ट्युरिंग यांच्या १९४५ च्या आराखड्यात होती, पण फोरट्रान या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रमाण आवृत्तीत रिकर्शन, म्हणजे तुकड्याने स्वतःलाच बोलावणं, यायला फोरट्रान-९० उजाडावं लागलं.

व्हीलर यांना तेच ते लिहिणं वाचवण्यापलीकडचंही दिसत होतं. १९५२ च्या एका छोट्या लेखात ते म्हणतात, की तुकडे केले की एका वेळी एकाच भागाकडे लक्ष देता येतं. आतलं न पाहता दुसऱ्याला तुकडा वापरता येईल असं वर्णन लिहिणं हे कदाचित सगळ्यांत अवघड काम, हेही त्यांचंच. (ज्यांनी दुसऱ्याचा कोड हाताळलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

आता ‘रिटर्न’ या शब्दाकडे. १९५८ च्या फोरट्रान-२ मध्ये तो आला तेव्हा त्याचा अर्थ फक्त ‘मागे जा’ एवढाच होता. उत्तर हवं असेल तर ते आधी फंक्शनच्या नावातच साठवायचं. साध्या बेसिक या भाषेतल्या ‘गोसब ५००’ (५०० क्रमांकाच्या ओळीवरच्या तुकड्याकडे जा) नंतरचं ‘रिटर्न’ही तसंच, रिकाम्या हाताने परतणारं. तिथे सगळी व्हेरिएबलं एकाच भांड्यात असायची, त्यामुळे उत्तर वेगळं आणावंच लागत नसे. सी भाषेच्या वळणावर गेलेल्या भाषांनी मात्र येणं आणि आणणं ही दोन्ही कामं एकाच शब्दावर टाकली. पायथनमध्ये ‘रिटर्न’ विसरलात तरी फंक्शन परत येतंच, फक्त ‘नन’, म्हणजे ‘काहीच नाही’, घेऊन येतं. पडद्यावर आकडा छापलेला दिसतो, म्हणून विद्यार्थ्याला वाटतं, उत्तर आलं की!

१९८४ साली भारतातल्या शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू झाला, त्यात बीबीसी मायक्रो संगणक होते. हे यंत्रही केंब्रिजचंच, एकॉर्न कंपनीचं. सोफी विल्सन यांनी लिहिलेल्या त्याच्या बेसिकमध्ये ही दोन कामं वेगळी ठेवलेली होती: नुसतं काम करून परतायचं असेल तर शेवटी ‘एंडप्रॉक’, आणि उत्तर घेऊन यायचं असेल तर शेवटच्या ओळीच्या सुरुवातीला बरोबरचं चिन्ह.