पत्ता रुग्णाचा की डासाचा? ठाणे-नवी मुंबईतल्या साथसर्वेक्षणाची पार्श्वभूमी

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग उघडकीस आला आणि भेदरलेले लोक मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागले. कल्याण स्थानकावर प्रवासी उतरवून तपासले जाऊ लागले. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती अशा तपासणीची आणि घरझडतीची सत्ता आली, पण लोकांचा विश्वास काही आला नाही. घरातला आजारी माणूस सक्तीने उचलून नेतील, या धास्तीने लोक त्याला लपवू लागले. साथीच्या कामात याहून मोठे नुकसान नाही, कारण लपवलेला रुग्ण कोणाच्याच वहीत येत नाही.

दंडुक्याऐवजी दारात जाऊन विचारपूस करण्याची पद्धत रुजली ती हिवतापामुळे. १९५८ च्या निर्मूलन कार्यक्रमात कर्मचारी दर पंधरवड्याला घरोघर फिरत, ताप असेल त्याच्या बोटातून रक्तनमुना घेत. १९६५ पर्यंत देशातले रुग्ण लाखाच्या आसपास उतरले. पुढे ते पुन्हा वाढत गेले आणि १९७६ मध्ये ६४ लाखांवर पोहोचले. फवारणीचा भर खेड्यांवर राहिला होता, आणि शहरी हिवतापाचा डास वाढतो विहिरीत, गच्चीवरच्या टाकीत, इमारतीच्या कामासाठी साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. म्हणून १९७१ मध्ये नागरी हिवताप योजना आली. त्याआधी वर्षभर, मार्च १९७० मध्ये, नवी मुंबई वसवणारी सिडको स्थापन झाली होती. पुढची कित्येक दशके नवी मुंबईत कुठे ना कुठे बांधकाम चालूच राहिले.

बांधकामावरच्या मजुराचा हिवताप आवरणे फार कठीण. व्हायवॅक्स प्रकारातला जंतू यकृतात दबा धरून बसतो. तो काढायला प्रायमाक्विनच्या गोळ्या १४ दिवस घ्याव्या लागतात. ताप मात्र दोन-तीन दिवसांत उतरतो, आणि तेवढ्यात मुकादम मजुराला दुसऱ्या साइटवर हलवतो. महिन्या-दोन महिन्यांनी ताप उलटतो, तोवर नोंदीतला पत्ता जुना झालेला असतो. यात दोष मजुराचा नाही. गोळ्या पुऱ्या करून घेण्याची जबाबदारी त्याला कामावर ठेवणाऱ्यानेही उचलली पाहिजे, असे मला ठामपणे वाटते.

२००४ पासून एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात दर आठवड्याला तीन प्रपत्रांत माहिती जाऊ लागली: लक्षणांवरून संशयित, डॉक्टरांच्या मते संभाव्य आणि प्रयोगशाळेत पक्के झालेले. २०२१ पासून हे काम संगणकीय मंचावर आले. तरी गल्लीतल्या खासगी दवाखान्यात तपासणीविना तापाची गोळी घेऊन गेलेला माणूस या नोंदींत सहसा येत नाही.

डेंगीने पत्त्याचा प्रश्न आणखी अवघड केला, कारण तो पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो. राहायला ठाण्यातल्या कळव्यात आणि कामाला नवी मुंबईतल्या महाप्याला असलेल्या माणसाला डास नेमका कुठे चावला? ठाणे महापालिका १९८२ ची, नवी मुंबईची १९९२ ची, पनवेलची २०१६ ची; तिघींची पथके वेगळी. पावसाळ्यात अळीचा डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात, त्यामुळे कळव्यातल्या रुग्णाची खबर महाप्याच्या पथकाला एक-दोन दिवसांत पोहोचली, तरच कारखान्याच्या आवारात साचलेले पाणी वेळेत ओतून देता येते.